ट्रायकोकार्ड: पऱ्हाटीच्या वावरात पैसे वसूल होतात का?

पऱ्हाटीवाल्यांनी, म्हणजे कपाशी घेणाऱ्यांनी, बोंडअळीची अंडी संपवणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाचं ट्रायकोकार्ड जरूर घ्यावं, पण त्यावरची कीटक निघण्याची तारीख आणि कीटकाची जात वाचूनच. या दोन्ही गोष्टी छापलेल्या नसतील तर ते कार्ड फुकट मिळालं तरी घेऊ नये.

या कार्डात साधारण १५ बाय १० सेंटीमीटरच्या जाड कागदावर कोर्सायरा नावाच्या, साठवलेल्या धान्यात होणाऱ्या पतंगाची १८ ते २० हजार अंडी डिंकाने चिकटवलेली असतात. प्रयोगशाळेत हा पतंग भरडलेल्या ज्वारीवर वाढवतात. त्याच्या अंड्यांतला गर्भ अतिनील प्रकाशाने मारतात आणि मग त्या अंड्यांवर ट्रायकोग्रामाच्या माद्या सोडतात. ट्रायकोग्रामा गांधीलमाशी आणि कुंभारणीच्याच गटातला, पण जेमतेम अर्धा मिलिमीटरचा. माणसाला तो चावत नाही, डंखही मारत नाही. मादी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिची अळी आतला गर खाते, तीन-चार दिवसांत ते अंडं काळं पडतं आणि सात-आठ दिवसांनी त्याला भोक पाडून नवा कीटक निघतो. वावरात सोडल्यावर हेच तो बोंडअळीच्या अंड्यांचं करतो.

म्हणून कार्ड हातात आलं की आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. चांगल्या कार्डावर बारीक कुटलेल्या मिऱ्यासारखा एकसारखा काळा थर दिसतो. पांढरी-पिवळसर अंडी म्हणजे कीटकाने न शिवलेली. ती शंभरात दहा-पंधराच्या वर असतील तर माल कमअस्सल समजावा. बहुतेक काळ्या अंड्यांवर गोल भोकं दिसत असतील तर कीटक पाकिटातच निघून मेलेत, कार्ड रिकामं आहे. कागदावर बारीक अळ्या फिरताना दिसल्या तर गर्भ नीट मारला गेला नाही. त्या अळ्या बाकीची अंडी खातात.

विदर्भात हा माल बिघडतो तो बहुतेक वाटेतच. सप्टेंबरच्या उन्हात दुचाकीच्या डिक्कीत तासभर राहिलेलं कार्ड कामाचं राहत नाही. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात आणावं, कागदाला मात्र पाणी लागू देऊ नये. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, ५ ते १० अंशांवर, दहा-बारा दिवस टिकतं. बर्फाच्या कप्प्यात ठेवलं की संपलं. भारनियमनात फ्रिज रोज पाच-सहा तास बंद राहत असेल तर साठवण्याच्या भानगडीत पडू नये, आणलेल्या दिवशीच लावावं. गावच्या कृषी केंद्रात हे कार्ड सहसा का दिसत नाही, त्याचं कारणही हेच: औषधाच्या डब्यासारखं ते वर्षभर फळीवर राहत नाही.

जात हा दुसरा मुद्दा, आणि फसगत जास्त इथेच होते. 'ट्रायकोकार्ड' एवढंच म्हणून मागू नका. गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री, हिरव्या आणि ठिपक्यांच्या बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामा किलोनिस. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या धानात खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा जपोनिकम. हरभऱ्यावर मात्र यातल्या कुणावरही पैसे घालू नयेत. पानांवरची आंब या इवल्या कीटकाला टिकू देत नाही, आणि घाटेअळीच्या अंड्यांपर्यंत तो नीट पोचतच नाही.

पऱ्हाटीत एकरी तीन कार्डं, म्हणजे सुमारे ६० हजार कीटक. पीक ४५-५० दिवसांचं झालं, पात्या (फुलकळ्या) लागल्या की पहिली खेप, पुढे आठवड्याच्या अंतराने आणखी दोन तरी. एका खेपेवर भागत नाही. बोंडअळीची अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात आणि पतंग रोज नवी घालत राहतात. आखलेल्या रेघांवर कापलं की कार्डाच्या बारा-चौदा पट्ट्या होतात. तीन कार्डांच्या चाळीसएक पट्ट्या दहा-दहा मीटरवर लावाव्यात, कारण हा कीटक दूर उडत नाही. पट्टी अंडी नसलेल्या कडेने धरावी आणि शेंड्याकडच्या पानाच्या खालच्या बाजूला स्टेपलरने टाचावी, म्हणजे ऊन आणि पावसाची सर दोन्ही चुकतात. वेळ संध्याकाळची. चार-दोन अंड्यांना भोकं पडायला लागली की त्याच दिवशी लावणं उत्तम. उशिरा निघणारं कार्ड दोन-तीन रात्री झाडावर राहिलं तर मुंग्या ते साफ करतात.

लावण्याच्या आधी आणि नंतर किमान आठवडाभर रासायनिक फवारणी नको. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाचा अंश पानावर असेल तर निघालेला कीटक बसल्या जागी मरतो. धुऱ्यापलीकडचा शेजारी फवारणार असेल तर त्याच्याशी आधी बोलून घ्यावं, नाहीतर काठाच्या ओळींतल्या पट्ट्या वाया गेल्याच.

कार्डाची मर्यादाही स्पष्ट आहे. ते फक्त अंड्यांवर चालतं, अळी बोंडात शिरली की त्याचा काही उपयोग नाही. त्यातही गुलाबी बोंडअळी पात्यांच्या आणि बोंडांच्या देठाशी, पुष्पकोशाच्या आडोशाला सुटी-सुटी अंडी घालते. ती सगळी सापडत नाहीत. म्हणून मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे एकरी दोन कामगंध सापळे, डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमललेली फुलं) तोडून नष्ट करणं आणि डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणी झालेल्या पऱ्हाटीचं पुन्हा पीक, न ठेवणं याला पर्याय नाही. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तर नुसत्या कार्डावर विसंबू नये.

तरीही आमचं मत कार्डाच्या बाजूने आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सुरुवातीची एखादी फवारणी जरी टळली तरी त्या माणसांच्या जिवाच्या हिशेबात ती मोठी आहे. पैशातही तीन कार्डांची खेप बहुतेक ठिकाणी एका फवारणीच्या औषध-मजुरीपेक्षा स्वस्त पडते. शिवाय फवारा थांबला की वावरातली बाकीची मंडळीही टिकतात: अळीच्या अंगावर अंडी घालणारा ब्रॅकॉन, अळ्या उचलून मातीच्या मडक्यात कोंबणारी कुंभारीण.

खरेदी कृषी विज्ञान केंद्र, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा परवानाधारक जैविक प्रयोगशाळेतूनच करावी. मागणी आठ-दहा दिवस आधी नोंदवावी लागते. नोंदवताना पीक, कीड आणि कार्ड लावायची तारीख सांगावी, आणि कीटक कोणत्या तारखेला निघणार ते पाकिटावर लिहून घ्यावं.