१२१ पराभवांचा हंगाम पूर्ण वापरून: शिकागो व्हाइट सॉक्स, २०२४

आधी निकाल सांगतो, मग तपशील. या बेसबॉल संघाच्या तिकिटांचे पैसे वसूल झाले. पुन्हा घेईन, पण पॅकेज नाही, सुटी तिकिटं. ज्याला फक्त जिंकणारा संघ बघायचाय त्याने पुढे वाचण्यात वेळ घालवू नये.

२०२४ मध्ये व्हाइट सॉक्सनी १६२ पैकी ४१ सामने जिंकले, १२१ हरले. १९०० नंतर मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, एका हंगामात इतके पराभव कुणाच्याच नावावर नव्हते. आधीचा आकडा १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा, १२०. मेट्सचं ते पहिलंच वर्ष होतं, त्यामुळे त्यांना निदान सबब होती. सॉक्स १९०१ पासून या लीगमध्ये आहेत, २००५ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, जिंकलेत आणि अगदी परवापरवा, २०२१ मध्ये, ९३ विजयांसह आपल्या विभागात पहिले आले होते. ९३ वरून ४१ वर यायला तीन वर्षं लागली. इतकं पद्धतशीर घसरायलाही काहीतरी लागतं.

आम्ही तिकिटांचं छोटं पॅकेज हंगामाआधीच घेतलं होतं. शिकागोत दोन संघ आहेत: उत्तरेला कब्ज, दक्षिणेला सॉक्स. कब्जचं मैदान देखणं, पण तिकीट खिशाला जड. शिवाय बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी यायचे होते, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या, तरुणपणी तालुक्याच्या क्रिकेट सामन्यांचं स्कोअरबुक लिहिलेल्या माणसाला सहा महिने सोफ्यावर बसवून ठेवणं कुणाच्याच हिताचं नसतं. बेसबॉल रोज असतो. एप्रिल ते सप्टेंबर, आठवड्याला सहा-सहा सामने. बाबांच्या व्हिसाला आणि हंगामाला जणू एकाच माणसाने तारखा दिल्या होत्या.

एप्रिलबद्दल थोडक्यात: थंडी. सलामीलाच सॉक्स डेट्रॉइटकडून १-० असे हरले, आणि महिना संपत आला तेव्हा हिशेब होता ३ विजय, २२ पराभव. मग काय झालं कोण जाणे, टँपा बेला घरच्या मैदानावर ओळीने तीन सामन्यांत हरवलं. मफलर गुंडाळून बसलेले बाबा म्हणाले, "बघ, गाडी रुळावर येतेय." गाडीने रूळ पाहिलाच नाही.

आता या खरेदीत खरं काय मिळालं ते. मला खेळ समजला. जिंकणाऱ्या संघाचा सामना बघताना माणूस फळ्यावरच्या धावा बघतो. इथे निकाल सहसा ठरलेलाच असल्यामुळे लक्ष आपोआप बारकाव्यांकडे जायचं. बाबांनी दुसऱ्याच सामन्यात स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घेतली. बेसबॉलच्या नोंदीत प्रत्येक क्षेत्ररक्षकाला नंबर असतो: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) २, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावपटूच्या थांब्यांच्या, मधला) ६. चेंडू शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्या बेसवर जाऊन दोघे बाद झाले तर नुसतं ६-४-३ लिहायचं. तीन स्ट्राइक (चुकवलेले किंवा सोडून दिलेले वैध चेंडू) झाले की फलंदाज बाद, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात: शेवटच्याला बॅट फिरवून चुकला तर के, बॅट न फिरवता नुसता बघत राहिला तर उलटा के. हा उलटा के बाबांना फार आवडला. "क्रिकेटमध्ये नुसतं बोल्ड लिहितो आपण, बावळटासारखा उभा होता हे कुठे लिहितो?" सॉक्सच्या बाजूच्या चौकटींत उलटे के भरपूर असायचे.

नियमही याच संघाने शिकवले. २३ मेचा सामना बाल्टिमोरशी. नववी, म्हणजे शेवटची इनिंग (डाव), सॉक्स ६-८ असे मागे, एक बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आपले धावपटू. फलंदाजाने इनफिल्डमध्येच, म्हणजे बेसांच्या आसपासच्या आतल्या भागात, उंच झेल उडवला. अशा वेळी पंच फलंदाजाला झेल घेण्याआधीच बाद देतात, नाहीतर क्षेत्ररक्षक मुद्दाम झेल सोडून दोघांना बाद करील. इथवर ठीक. पण दुसऱ्या बेसवरचा अँड्र्यू वॉन परत फिरताना शॉर्टस्टॉपच्या वाटेत आला असं पंचांनी ठरवलं आणि अडथळ्यासाठी त्यालाही बाद दिलं. झेल तर शॉर्टस्टॉपने आरामात घेतला होता. सामना खलास. टीव्हीसमोर आम्ही दोघं अर्धा तास नियम वाचत बसलो. बाबांचा निवाडा: नियमात बसतं, न्यायात बसत नाही.

चांगल्या बाजूत पहिलं नाव गॅरेट क्रोशे. उंच डावखुरा पिचर, याच वर्षी पहिल्यांदा सामन्याची सुरुवात करणारा पिचर झाला आणि १४६ इनिंग्जमध्ये २०९ जणांना स्ट्राइकआउट केलं. लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑलस्टार सामन्याला संघातून एकटा तोच गेला. तो टाकणार असेल त्या दिवशी आम्ही बाकीची कामं बाजूला ठेवायचो. पहिल्या तीन-चार इनिंग्ज बघताना हा संघ शेवटचा आहे असं कुणाला सांगूनही पटलं नसतं. मग तो बाहेर जायचा, बुलपेनचं, म्हणजे बदली पिचर जिथे बसतात तिथलं, दार उघडायचं, आणि बाबा पेन्सिलीला टोक करायला घ्यायचे.

माझी खरी तक्रार इथे आहे. हरण्याची नाही, चांगलं निघालेलं काहीही हातात राहत नाही, याची. मार्चमध्येच पिचर डिलन सीझला सॅन डिएगोला दिलं. जुलैत त्याने तिकडे नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. १० जुलैला आपला पिचर मायकेल कोपेकने मिनेसोटाविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये ९ चेंडूंत ९ स्ट्राइक टाकून तिघांना घरी पाठवलं. महिनाअखेर तो डॉजर्स संघाकडे गेला आणि ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकला. डिसेंबरात क्रोशेही बॉस्टनला. बदल्यात पोरं मिळतात, चांगली निघतीलही, पण ती चांगली निघाली की पुढे काय होतं ते आता बघितलंय.

त्या १० जुलैचीच दुसरी गंमत. त्या दिवशी दोन सामने होते. कोपेकचा पहिला जिंकला, दुसरा हरला, आणि त्या दुसऱ्यापासून ओळीने २१ हरले. मेजर लीगच्या दोन भागांपैकी सॉक्सच्या भागात, अमेरिकन लीगमध्ये, एवढी मोठी माळ आधी फक्त १९८८ च्या बाल्टिमोरची होती. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ असं जिंकून माळ तुटली. दोन दिवसांनी मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, पेड्रो ग्रिफोल यांना काढलं. हिशेब तेव्हा २८-८९ होता. ग्रेडी साइझमोर यांना उरलेल्या दिवसांसाठी बसवलं. फरक काही पडला नाही, पण चेहरा वेगळा दिसला.

मैदानाविषयी दोन शब्द, कारण पाहुण्यांना घेऊन जाणारे विचारतात. रेड लाइनने ३५व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरलात की समोरच आहे, गाडी न्यायची गरज नाही. १९९१ चं बांधकाम, मैदानाचं तोंड आग्नेयेला, म्हणजे शिकागोच्या उंच इमारती पाठीमागे राहतात. एवढं शहर जवळ असून बसल्या जागेवरून ते दिसत नाही! वरचा मजला उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालचं तिकीट बघावं, मधल्या वारी तेही परवडतं. शाकाहारी माणसाने थेट एलोटेच्या गाडीवर जावं: मक्याचे दाणे, लोणी, चीज, लिंबू, तिखट. मेयोनेज नको म्हणून सांगितलं की बाकी सगळं चौपाटीवरच्या कणसाचं मावसभावंड. होमरन मारला की स्कोअरबोर्डवरून फटाके उडतात. संघाने ते कमी वापरले.

बाबांच्या परतीच्या आधीचा शेवटचा सामना आम्ही २४ सप्टेंबरचा निवडला. सॉक्स ३६-१२०. आणखी एक हरले की इतिहास. एरवी रिकाम्या खुर्च्या मोजता याव्यात अशा मैदानावर त्या मंगळवारी १७ हजारांवर माणसं, आणि बरीचशी उघडउघड पराभव बघायला आलेली. पाहुणा संघ अँजल्स २-० पुढे. 'संघ विका' असा घोष सुरू झाला. मालक जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे १९८१ पासून संघ आहे, घोष त्यांना उद्देशून. बाबांनी विचारलं, "अरे, हे आपलेच लोक ना?" म्हटलं, हो, आपलेच. आठव्या इनिंगमध्ये सॉक्सनी तीन धावा काढल्या. त्या दिवसापर्यंत सात इनिंग्जनंतर मागे असलेले ९४च्या ९४ सामने हा संघ हरला होता, आणि नेमका त्या रात्री ३-२ जिंकला. इतिहास बघायला आलेल्यांना टाळ्या वाजवाव्यात की हळहळावं कळेना. बाबा मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते, स्कोअरकार्ड काखेत.

पुढचे दोन्ही सामनेही जिंकले. १२१वा पराभव २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये झाला, आणि त्याच रात्री डेट्रॉइटने २०१४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ गाठलं, त्यामुळे तिथे शॅम्पेन उडत होती ती दुसऱ्याच कारणाने. नंतर उरलेले दोन सॉक्सच जिंकले. शेवटच्या सहात पाच विजय. सहा महिने कुठे होतात रे?

एक गोष्ट पॅकेज घेताना मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून लिहून ठेवतो. अमेरिकेत तळाच्या संघाला नवीन खेळाडू निवडताना वरचा नंबर मिळतो, तेवढाच पराभवाचा मोबदला. पण मोठ्या बाजारपेठेतल्या संघाला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीने ठरणारा वरचा नंबर द्यायचा नाही असा नियम आहे, आणि सॉक्सनी २०२४ मध्ये पाचवा नंबर घेतलेला. त्यामुळे १२१ हरूनही २०२५ मध्ये दहाव्याच्या वर जागा नव्हती. हे फोनवर सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे सगळं फुकटच हरले की." तेव्हा भविष्य चांगलं म्हणून आत्ता स्वस्तात घ्या, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. उन्हाळ्यातला एखादा मधला वार बघा, कुठला पिचर टाकणार ते आदल्या दिवशी कळतं ते तपासा, आणि सामन्याच्या दिवशी दुपारी तिकीट घ्या. त्या आधी घ्यायची घाई या संघाच्या बाबतीत तरी लागत नाही.