न्यूरोसर्जन व्हायचंय: एमएस करून की थेट?

परळला केईएमबाहेर चहाला थांबलेली इंटर्न मुलं या प्रश्नावर तासभर वाद घालतात. एमबीबीएसनंतर दोन्ही वाटांना सहाच वर्षं लागतात, निदान कागदावर तरी.

जुनी वाट म्हणजे तीन वर्षं जनरल सर्जरीत एमएस ही पदव्युत्तर पदवी, मग नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा, मग तीन वर्षं न्यूरोसर्जरीतली एमसीएच ही वरची पदवी. मध्ये बाँडचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष आणि परीक्षेचे फेरे आले की सहाची आठ कधी होतात कळत नाही. तरी या वाटेबद्दल मला आदर आहे. लोकलमधून पडलेला माणूस सायनच्या रुग्णालयात येतो, तेव्हा डोक्याला मार असतो आणि कधी पोटातही रक्तस्राव असतो. एमएस केलेला डॉक्टर दोन्हीकडे बघू शकतो. शिवाय एमसीएचची जागा हुकली तरी सर्जन म्हणून तो उभा राहतो, आणि घरी आईबाबा वाट बघत असताना हा आधार लहान नसतो.

थेट वाटेवर एमबीबीएसनंतर आयएनआय-सीईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन दिल्लीचं एम्स किंवा बंगळुरूचं निम्हान्स (मेंदू-मज्जासंस्थेची संस्था) गाठायचं, नाहीतर नीट-पीजी या दुसऱ्या परीक्षेवरून सहा वर्षांचं डीआरएनबी हे एमसीएचसारखंच प्रशिक्षण घ्यायचं. मेंदू, मणका, मायक्रोस्कोप यांच्या सहवासात जास्त वर्षं मिळतात. या कामात हात बसायला तीच लागतात. पण चोविशीतच निर्णय घ्यावा लागतो, आणि अर्ध्यात सोडलं तर हाती एमबीबीएसपलीकडे पदवी नसते.

इंटर्नशिपमध्ये न्यूरोसर्जरीच्या रात्रपाळ्या करून ज्याचं मन तिथेच रमलं, त्याने थेट जावं. बाकीच्यांना मी एमएसच सांगेन.