नॉन-डिडक्टिबल आयआरए, फॉर्म ८६०६ आणि टॅक्स सॉफ्टवेअर: एका सीझननंतरचा अनुभव

रिटर्नमध्ये पगार आणि बँकेचं व्याज एवढंच असेल तर अमेरिकेत कुठलंही टॅक्स सॉफ्टवेअर चालतं. सॉफ्टवेअरचा कस लागतो तो ट्रॅडिशनल आयआरएमध्ये (निवृत्तीसाठीच्या वैयक्तिक खात्यात) करातली वजावट न घेता भरलेले पैसे दाखवताना, म्हणजे आपल्याकडचे सगळे ज्याला ‘बॅकडोर रॉथ’ म्हणतात ते करताना. आम्ही नवरा-बायको न्यू जर्सीत राहतो, दोघंही नोकरी करतो, दोघांच्याही कंपनीत ४०१(के), म्हणजे कंपनीचा रिटायरमेंट प्लॅन, आहे. २०२४ सालचं रिटर्न आम्ही प्रिपेअररकडे न देता सॉफ्टवेअरवर स्वतः भरलं. फेब्रुवारीत सुरुवात केली, एप्रिलच्या आत ई-फाइल झालं, त्यानंतर उन्हाळ्यात जुन्या एका वर्षाचं काम निस्तरलं. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम देत नाही. ओळखीतल्या मंडळींनी वेगवेगळ्या कंपन्यांची घेतली होती आणि खाली लिहिलेल्या अडचणी थोड्याफार फरकाने सगळ्यांना आल्या.

माझं मत आधीच सांगतो. आकडेमोड चोख आहे. प्रश्न विचारायची पद्धत मात्र दिशाभूल करणारी आहे. तुम्हाला तुमच्या पैशांचा प्रवास तारखांसकट आधी माहीत असेल तर हे सॉफ्टवेअर उत्तम काम करतं. ‘तेच विचारेल, तेच सांगेल’ या भरवशावर बसलात तर हजार-दीड हजार डॉलरचा जादा कर सहज बसू शकतो आणि स्क्रीनवर एकही इशारा येत नाही.

थोडी पार्श्वभूमी. २०२४ साठी पन्नाशीच्या आतल्या माणसाला आयआरएमध्ये ७,००० डॉलर भरता येत होते. एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याचं उत्पन्न त्या वर्षी २,४०,००० डॉलरच्या वर गेलं की रॉथ आयआरएमध्ये (यात कर भरलेले पैसे टाकतात आणि निवृत्तीनंतर काढताना कर नसतो) थेट भरता येत नव्हतं. ट्रॅडिशनलमध्ये भरता येतात, पण कंपनीचा रिटायरमेंट प्लॅन असेल (कंपनीने दिलेल्या पगाराच्या डब्ल्यू-२ फॉर्मवर १३ नंबरच्या चौकोनात खूण असते) तर त्या वर्षी १,४३,००० च्या वर वजावट शून्य होती. म्हणून कर भरलेले पैसे आधी ट्रॅडिशनलमध्ये टाकायचे आणि मग रॉथमध्ये कन्व्हर्ट करायचे. २०१० पासून कन्व्हर्जनला उत्पन्नाची मर्यादा नाही. या पैशांवर कर आधीच भरलेला आहे, हे आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, सांगणारा एकमेव कागद म्हणजे फॉर्म ८६०६.

आता सॉफ्टवेअरकडे येतो. ते आधी उत्पन्न विचारतं, म्हणून पहिल्यांदा १०९९-आर (खात्यातून किती पैसे निघाले ते दाखवणारा ब्रोकरेजचा फॉर्म) भरावा लागतो. बायकोच्या १०९९-आर वर पहिल्या चौकोनात १३,५१२ डॉलर होते. करपात्र रकमेच्या २ए चौकोनातही तेच १३,५१२, आणि शेजारी २बी मध्ये ‘करपात्र रक्कम ठरवलेली नाही’ अशी खूण. सातव्या चौकोनात कोड २. हे सगळं बरोबर असतं, ब्रोकरेज कंपनी असाच फॉर्म देते, कारण तुम्ही वजावट घेतली की नाही हे तिला माहीत नसतं. पण हे आकडे टाकताक्षणी वरच्या कोपऱ्यातला रिफंड तीन हजार डॉलरहून जास्त खाली घसरतो, कारण २४ टक्क्यांच्या टप्प्यात सॉफ्टवेअर सगळ्या रकमेवर कर धरतं. इथे पुष्कळ जण घाबरतात आणि २ए मध्ये स्वतःच शून्य टाकतात. कृपा करून तसं करू नका. फॉर्मवर जे छापलंय तेच टाका. कॉन्ट्रिब्यूशनचे प्रश्न फार पुढे, वजावटींच्या विभागात येतात. ते पूर्ण झाले की रिफंड परत जागेवर येतो. या दोन भागांच्या मधल्या काळात ‘हा आकडा अजून पक्का नाही’ एवढं एक वाक्य स्क्रीनवर दाखवलं असतं तर कितीतरी लोकांची रात्रीची झोप वाचली असती. माझ्या मते हा या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा दोष आहे.

वजावटींच्या विभागात पहिला फसवा प्रश्न असा: ‘यातले काही पैसे तुम्ही नंतर रॉथमध्ये हलवले का?’ बॅकडोर केलेला माणूस साहजिकच ‘हो’ म्हणणार. पण इथे विचारलंय ते रिकॅरॅक्टरायझेशनबद्दल, म्हणजे कॉन्ट्रिब्यूशनचा प्रकारच मागाहून बदलला का, याबद्दल. कन्व्हर्जन ही वेगळी गोष्ट आहे आणि ती १०९९-आर मध्ये सांगून झालेली असते. उत्तर ‘नाही’. ‘हो’ दिलंत तर सॉफ्टवेअर समजतं की तुम्ही थेट रॉथमध्येच भरले, मग तुमचं उत्पन्न जास्त म्हणून जादा भरण्याबद्दलच्या दंडाची पानं उघडू लागतात.

दुसरा प्रश्न तारखांचा, आणि याच ठिकाणी बायकोचं प्रकरण नाजूक होतं. २०२३ सालचे ६,५०० डॉलर तिने मुदतीच्या आत पण २०२४ च्या एप्रिलमध्ये भरले होते. २०२४ चे ७,००० त्याच वर्षी पुढे भरले. मग सगळे मिळून २०२४ मध्येच रॉथमध्ये गेले, मधल्या काळात जमलेल्या बारा डॉलर व्याजासकट. सॉफ्टवेअर विचारतं, ‘१ जानेवारी ते १५ एप्रिलच्या दरम्यान किती भरले?’ वर्ष बारीक अक्षरात असतं. हा प्रश्न २०२५ च्या जानेवारी-एप्रिलचा आहे: २०२४ च्या नावाने भरलेले, पण २०२५ उजाडल्यावर भरलेले पैसे. एप्रिल २०२४ मधले ६,५०० इथे बसत नाहीत. ते बसवले तर फॉर्मच्या चौथ्या ओळीत जातात, करमुक्त भाग १३,५०० वरून ७,००० वर येतो आणि १,५६० डॉलरचा कर उगाच लागतो. ते ६,५०० सांगायची जागा त्यापुढच्या प्रश्नात आहे: ‘मागच्या वर्षांतला एकूण बेसिस (म्हणजे खात्यातले आधीच कर भरलेले पैसे) किती?’ उत्तर २०२३ च्या फॉर्म ८६०६ च्या चौदाव्या ओळीवर तयार असतं. मुळात २०२३ मध्ये कन्व्हर्जन झालंच नव्हतं, त्यामुळे त्या वर्षीच्या फॉर्मवर पहिली, तिसरी आणि चौदावी अशा तीनच ओळी भरलेल्या होत्या, तिन्हीत ६,५००.

तिसरा प्रश्न ३१ डिसेंबरला सगळ्या ट्रॅडिशनल, सेप आणि सिंपल (शेवटचे दोन छोट्या धंद्यांमार्फतचे) आयआरएंमध्ये मिळून किती शिल्लक होती याचा. आमचं उत्तर शून्य. हे ज्याचं त्याचं वेगळं असतं, नवऱ्याचा आयआरए बायकोच्या फॉर्ममध्ये मोजत नाहीत. सॉफ्टवेअर दोघांसाठी दोन स्वतंत्र ८६०६ बनवतं आणि हे काम त्याने निर्दोष केलं.

एवढं झाल्यावर प्रश्नोत्तरांचा नाद सोडून सरळ फॉर्मची पीडीएफ उघडावी असं मी आग्रहाने सांगेन. बायकोच्या फॉर्मवर ओळ १: ७,०००. ओळ २: ६,५००. ओळ ३: १३,५००. ओळ ४: शून्य. ओळ ८, म्हणजे कन्व्हर्ट केलेली रक्कम: १३,५१२. ओळ १४, पुढच्या वर्षीसाठी उरलेला बेसिस: शून्य. ओळ १८, करपात्र: १२. आणि १०४० वर, म्हणजे मुख्य रिटर्नवर, ४ए मध्ये १३,५१२, ४बी मध्ये १२. हे दिसलं की काम फत्ते. काही सॉफ्टवेअर सहावी ते बारावी ओळ कोरी ठेवतात आणि खालच्या ओळीशेजारी फुलीसारखी चांदणी छापतात. ती चूक नसते. त्यांनी तोच हिशेब आयआरएसच्या प्रकाशन ५९०-बी मधल्या तक्त्यावर केलेला असतो. तो तक्ता रिटर्नसोबत पीडीएफमध्ये जोडलेला असतो, शोधून काढा आणि जपून ठेवा.

आमचं सोपं होतं कारण जुना रोलओव्हर आयआरए नव्हता. एका मित्राचा होता. जुन्या कंपनीचा ४०१(के) त्याने आयआरएमध्ये आणून ठेवला होता, ६३,००० डॉलर, सगळे कर न भरलेले. त्याने नवीन ७,००० भरले आणि तेवढेच कन्व्हर्ट केले. त्याला वाटलं हे ७,००० वेगळ्या खात्यात आहेत म्हणजे वेगळे. कायद्याने सगळे आयआरए एकच धरतात. दुधात पाणी मिसळल्यावर नुसतं पाणी ओतून काढता येत नाही, तसा हा प्रो-राटा नियम आहे. एकूण ७०,००० पैकी ७,००० कर भरलेले, म्हणजे दहा टक्के. कन्व्हर्ट केलेल्यातले ७०० करमुक्त, ६,३०० करपात्र. उरलेला ६,३०० चा बेसिस चौदाव्या ओळीवर पुढे चालू. सॉफ्टवेअरने हिशेब अचूक दिला, पण तोवर ३१ डिसेंबर उलटून गेला होता. चालू कंपनीचा ४०१(के) बाहेरचे पैसे घेत असेल तर ते ६३,००० वर्ष संपण्याआधी तिकडे सरकवता आले असते आणि हा कर लागलाच नसता. टॅक्स सॉफ्टवेअर फेब्रुवारीत उघडतो आपण, हा निर्णय डिसेंबरच्या आतला आहे.

जुन्या वर्षाचं काम म्हणालो ते असं. आमचं रिटर्न आधी ज्या प्रिपेअररकडे होतं त्यांनी माझ्या २०२२ च्या ६,००० डॉलरसाठी ८६०६ जोडलाच नव्हता. वजावट घेतली नव्हती, त्यामुळे त्या वर्षीच्या कराची रक्कम बरोबर होती, म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही. पण फॉर्म नाही म्हणजे बेसिसची नोंद नाही, आणि नोंद नसलेल्या पैशांवर काढताना दुसऱ्यांदा कर लागू शकतो. सॉफ्टवेअरने मागच्या बेसिसचा प्रश्न विचारला तेव्हा मी जुने कागद काढले आणि हे सापडलं. याचं श्रेय त्या प्रश्नाला देतो. दुरुस्ती मात्र चालू वर्षाच्या सॉफ्टवेअरमध्ये होत नाही, त्या-त्या सालची आवृत्ती लागते. मी २०२२ चा कोरा ८६०६ आयआरएसच्या साइटवरून घेतला, १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरला, का पाठवतोय ते स्पष्टीकरणाच्या जागी दोन ओळींत लिहिलं आणि पोस्टाने रवाना केला. ८६०६ न भरल्याबद्दल ५० डॉलर दंडाची तरतूद आहे आणि सबळ कारण असेल तर तो माफ होतो. त्या दंडाच्या भीतीने गप्प बसणं परवडणारं नाही.

मागच्या वर्षीचं रिटर्न त्याच सॉफ्टवेअरमध्ये असेल तर बेसिस आपोआप पुढे येतो, कंपनी बदलली तर बहुधा हाताने टाकावा लागतो. सॉफ्टवेअर बदलण्याआधी सगळे ८६०६ उतरवून घ्या. आयआरएमधला शेवटचा डॉलर निघेपर्यंत ते लागतात. पुण्याला किंवा नाशिकला कायमचं परतायचा विचार करणाऱ्यांनी तर हे फॉर्म छापूनच न्यावेत. पंधरा वर्षांनी १०४०-एनआर (अमेरिकेत न राहणाऱ्यांचं रिटर्न) भरताना जुन्या खात्याचा पासवर्ड आठवेल याची खात्री कोण देणार?

न्यू जर्सीकरांसाठी एक वेगळी नोंद. आपलं राज्य आयआरएच्या कॉन्ट्रिब्यूशनला वजावट देतच नाही. म्हणजे फेडरलवर ज्याने कधी वजावट घेतली होती, त्याचा राज्याचा बेसिस फेडरलपेक्षा जास्त असतो. सॉफ्टवेअर राज्याच्या भागात हे विचारतं, पण आधीच फेडरलचा आकडा भरून ठेवतं आणि ‘पुढे’ दाबायला लावतं. आमचे दोन्ही सारखे होते. तुमचे नसतील तर तिथे थांबा.

किमतीबद्दल थोडक्यात: फुकटच्या आवृत्तीत ८६०६ मिळेलच असं नाही, आम्हाला वरची आवृत्ती घ्यावी लागली. आयआरएसचे फ्री फाइल फिलेबल फॉर्म्स उत्पन्न कितीही असलं तरी फुकट आहेत आणि त्यात हा फॉर्म आहे, पण तिथे मार्गदर्शन जवळपास नाही. चॅटवरच्या मदतीने मला दोनदा एकच साचेबद्ध उत्तर पाठवलं. त्यापेक्षा फॉर्म ८६०६ च्या सूचनांची पानं वाचलेली बरी, भाषा रुक्ष आहे पण शंका उरत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस ब्रोकरेजकडून फॉर्म ५४९८ येतो. रिटर्न जाऊन महिना झालेला असतो म्हणून तो कुणी उघडत नाही. ट्रॅडिशनलच्या ५४९८ वर पहिल्या चौकोनात भरलेली रक्कम, रॉथच्या ५४९८ वर तिसऱ्यात कन्व्हर्जनची आणि दोन्हीवर पाचव्यात ३१ डिसेंबरची शिल्लक असते. पहिल्या चौकोनात दोन वर्षांचे पैसे एकत्र नसतात. बायकोचे एप्रिल २०२४ मधले ६,५०० तिच्या २०२३ च्या ५४९८ वर आले आणि ७,००० पुढच्यावर. दोन्ही आमच्या फॉर्मशी जुळले. यंदापासून आम्ही जानेवारीतच, त्याच वर्षाच्या नावाने भरतो आणि लगेच कन्व्हर्ट करतो, म्हणजे सगळं एका सालच्या ८६०६ वर येतं. सॉफ्टवेअर तेच ठेवतोय, कारण आता आमच्या चौदाव्या ओळी त्याच्याकडे आहेत.