रेडिओवर तारांकन ऐकू येत नाही : ‘संसद समीक्षा’विषयी एका श्रोत्याचा अभिप्राय

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला बातमी वाचण्यापेक्षा ऐकण्याची सवय अधिक असते, कारण हात मागावर गुंतलेले असले तरी कान मोकळे राहतात. त्याच सवयीने संसदेचे अधिवेशन सुरू झाले की आकाशवाणीची हिंदी ‘संसद समीक्षा’ मी ऐकतो. लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांच्या दिवसभराच्या कामकाजाचा हा गोषवारा आहे. इंग्रजी कळणाऱ्यांसाठी ‘टुडे इन पार्लमेंट’ हा स्वतंत्र कार्यक्रम असतो.

या सेवेचा मोठा गुण म्हणजे तिचा संथपणा. वृत्तवाहिन्यांवर गोंधळाचे एकच दृश्य दिवसभर फिरत राहते. इथे मात्र कोणते विधेयक मांडले गेले, कोणत्या दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि सभागृह कशामुळे तहकूब झाले, हे आवाज न चढवता सांगितले जाते. काहींना ही मांडणी नीरस वाटेल. मलाही कधी कधी डुलकी लागते, हे कबूल करतो. परंतु या नीरसपणामागे नियमांची शिस्त आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय कार्यक्रमाला गुण देणे अन्यायाचे होईल.

संसदेच्या कामकाजाचा मूलतः खरा वृत्तांत प्रसिद्ध करणाऱ्यावर, त्यात दुष्ट हेतू नसेल तर, दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असे संरक्षण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६१-अ मध्ये आहे. गुप्त बैठकीला ते लागू नाही, मात्र नभोवाणीवरील वृत्तांताचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. हा अनुच्छेद १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आला. त्याआधी फिरोज गांधी यांच्या खासगी विधेयकातून १९५६ मध्ये झालेला कायदा हेच काम करीत होता. आणीबाणीत तो रद्द झाला आणि १९७७ मध्ये पुन्हा आणावा लागला.

या संरक्षणाची कड जिथे संपते तिथेच रेडिओची खरी अडचण सुरू होते. लोकसभेच्या नियम ३८० नुसार बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा सभागृहाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा आदेश अध्यक्ष देऊ शकतात. काढून टाकलेला मजकूर छापला तर हक्कभंग होऊ शकतो, हे पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ या वृत्तपत्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये मान्य केले. तो वाद बिहार विधानसभेतला होता, पण धडा सर्वांनाच मिळाला. आता थेट प्रक्षेपणाचा विचार करा. प्रश्नोत्तराचा तास ७ डिसेंबर १९९४ पासून दूरदर्शनवर थेट दाखवला जाऊ लागला. सकाळी देशाने ऐकलेला शब्द दुपारी वगळला गेला, तर रात्रीच्या समीक्षेला तो उच्चारता येत नाही आणि त्यावरून झालेला गदारोळ मात्र सांगावा लागतो. ऐकणाऱ्याला भांडण कळते, भांडणाचे कारण कळत नाही.

छापील कार्यवृत्तात याची सोय आहे. नियम ३८१ प्रमाणे वगळलेल्या जागी तारांकन येते आणि अध्यक्षांच्या आदेशाने मजकूर काढल्याची तळटीप असते, त्यामुळे वाचकाला किमान पोकळी दिसते. रेडिओवर तारांकन ऐकू येत नाही. निवेदकाने ‘येथील काही शब्द अध्यक्षांच्या आदेशाने वगळण्यात आले आहेत’ एवढे एक वाक्य नेमाने उच्चारले, तर मूळ शब्द न सांगताही श्रोत्याशी प्रामाणिक राहता येईल. छापील तळटीप ज्या नियमाने चालते, त्या नियमाला हे बोललेले वाक्य खटकण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरी अपेक्षा मतदारसंघांची. चित्रवाणीवर वक्त्याचे नाव पडद्यावर दिसते, रेडिओला ते बोलावेच लागते. वस्त्रोद्योगाचा प्रश्न निघाला की तो कुठल्या गावाच्या वतीने विचारला गेला, हे चादरींच्या या शहरात प्रत्येकाला हवे असते. म्हणून नावासोबत मतदारसंघ सांगण्याचा दंडक असावा.

ऑस्ट्रेलियात संसदेचे कामकाज प्रसारित करण्याचे बंधन तेथील सार्वजनिक नभोवाणीवर १९४६ च्या कायद्यानेच आहे, तर ब्रिटनच्या संसदेतून नियमित ध्वनिप्रसारण ३ एप्रिल १९७८ रोजी सुरू झाले. त्या मानाने आपली समीक्षा सावध आहे, पण रोजच्या ऐकण्याला ती पुरते. तिला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो.

ऐकण्याबाबत एक व्यावहारिक सूचना. नव्या पेठेतल्या एका दुकानातून घेतलेल्या माझ्या संचावर मध्यम लहरींपेक्षा आमच्या गल्लीतल्या यंत्रमागांच्या मोटारींची घरघरच जास्त ऐकू येते. माग चालू असलेल्या वस्तीत राहणाऱ्यांनी सरळ आकाशवाणीचे ‘न्यूज ऑन एअर’ हे ॲप घ्यावे.