सॅच्युरेशन प्लगइन, आठ महिने वापरल्यावर: घुमटाला चार गुण, आउटपुट नॉबला शून्य

घुमट, म्हणजे एका तोंडाला कातडं चढवलेलं गोव्यातलं मडक्याचं वाद्य, त्याच्या आरत्या मी मिक्स करतो. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नऊ दिवस आधी डाँगल, म्हणजे प्लगइनचा परवाना साठवणारी यूएसबीची किल्ली, मेला. यूएसबीत घातला की दिवा एकदा लुकलुकायचा आणि विझायचा. प्लगइन उघडलं तर ‘परवाना सापडला नाही’. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिकीट अजून बंद झालेलं नाही. पहिलं उत्तर चौथ्या दिवशी आलं: जुना डाँगल स्वखर्चाने परदेशी पाठवा, आम्ही तपासू, मग परवाना नव्या डाँगलवर हलवू. नवा डाँगल आपल्याच पैशाने घ्यायचा. तोवर तात्पुरता परवाना मिळेल का? मिळेल, पण दरवर्षी पैसे भरून ‘संरक्षण योजना’ घेतली असेल तरच. कुरियर आणि डाँगल मिळून खर्च प्लगइनच्या सेलमधल्या किमतीच्या वर जातो. खाली जे लिहिलं आहे ते हा राग धरूनच वाचावं.

सॅच्युरेशन म्हणजे आवाजात मुद्दाम थोडी विकृती घालणं. ड्राइव्ह (विकृती किती), टोन, मिक्स, आउटपुट, तीन-चार ‘मॉडेल’ आणि ओव्हरसॅम्पलिंगचं (आत जास्त सॅम्पल रेटवर काम करण्याचं) बटण. हे सगळं अशा प्रत्येक प्लगइनमध्ये असतं, त्यावर शब्द घालवत नाही. थेट आउटपुट नॉबवर येतो.

हा नॉब अर्ध्या अर्ध्या डेसिबलने सरकतो. आकडा टाइप करता येत नाही. कंट्रोल दाबून माउस हळू फिरवला तरी तेच. क्षुल्लक तक्रार वाटेल, पण सॅच्युरेशनचा सगळा निवाडा याच नॉबवर होतो. ड्राइव्ह वाढवला की शिखरं कापली जातात, सरासरी पातळी वर येते आणि आवाज मोठा होतो. मोठा आवाज कानाला बहुतेक वेळा चांगला वाटतो. अर्धा डेसिबल जास्त असला तरी कान ‘ऊबदार’ असं प्रमाणपत्र देऊन मोकळा होतो. म्हणून बायपास (प्लगइन वगळून) आणि चालू या दोन्हींची लाउडनेस जुळवल्याशिवाय मत बनवणं म्हणजे तराजूच्या पारड्याला बोट लावून वजन करणं. त्यासाठी ‘ऑटो’ बटण आहे ना? आहे, पण ते ड्राइव्हच्या आकड्यावरून ठरावीक वजाबाकी करतं, समोर काय वाजतंय ते ऐकत नाही. एकाच ड्राइव्हवर पेटीला ते १ डेसिबल कमी पडलं, घुमटासोबतच्या शामेळ या चर्मवाद्याला जवळजवळ २ डेसिबल जास्त.

उपाय फुकट आहे. आठ मात्रांचं लूप लावा, मास्टरवर यूलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती ठेवा, बायपासमध्ये एलयूएफएस (लाउडनेसचा आकडा) लिहून घ्या, मग प्लगइन चालू करून फरक ०.२ च्या आत आणा. हे या नॉबने होत नाही, म्हणून त्याच्यामागे एक साधं व्हॉल्यूमचं प्लगइन लावावं लागतं. पैसे भरून घेतलेल्या वस्तूला फुकटच्या वस्तूची कुबडी. असं जुळवून ऐकल्यावर निम्म्याहून जास्त ट्रॅकवर बायपासच बरा वाटतो, हेही नोंदवून ठेवतो.

आत जाणारी पातळीही बघावी. अॅनालॉग यंत्रांची नक्कल करणारी बरीच प्लगइन्स -१८ डीबीएफएसला (डिजिटल कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली) शून्य व्हीयू, म्हणजे यंत्राची नेहमीची कामाची पातळी, धरतात. आरतीचं रेकॉर्डिंग शिखरांना -३ पर्यंत आलेलं असलं, तर ड्राइव्ह शून्यावर असतानाही प्लगइन कुरकुरायला लागतं. आधी ट्रिम, मग ड्राइव्ह.

आता घुमट. इथे मात्र पैसे वसूल. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आल्यापासून घुमटाला बकऱ्याचं कातडं चढतं, आणि नाद तसा राहिला नाही ही जुन्या वादकांची कुरकुर सगळ्यांनी ऐकलेली आहे. मिक्समधली अडचण वेगळी आहे. घुमटाचा मूळ नाद साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि आरत्या ऐकल्या जातात फोनवर. फोनचा स्पीकर तिथवर उतरतच नाही. ईक्यूने १०० वाढवलं तर फोनवर काही फरक पडत नाही, घरच्या स्पीकरवर मात्र भांडी वाजायला लागतात. सॅच्युरेशनने २००, ३००, ४०० हे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) तयार होतात, ते फोन वाजवतो, आणि खालचा १०० कान स्वतःच भरून काढतो. डावा हात मडक्याच्या उघड्या तोंडावर झाकत-उघडत जी मींड निघते, तिच्याबरोबर हे हार्मोनिकही सरकतात, त्यामुळे फोनवर नुसती थाप न येता ‘घुम्म’ ऐकू येतं.

सेटिंग असं: घुमटाच्या ट्रॅकवरून वेगळ्या बसला (जोड-ट्रॅकला) सेंड, म्हणजे आवाजाची प्रत. बसवर आधी ६० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं गाळणारा फिल्टर), मग ड्राइव्ह शिखरं ४-५ डेसिबल चपटी होईपर्यंत, मग ३ किलोहर्ट्झचा लो-पास (त्यावरचं गाळणारा). ही बस मूळ ट्रॅकच्या १२ डेसिबल खाली ठेवून सुरुवात करा आणि फोनवर ऐकत वर आणा. जास्त झालं की घुमट प्लास्टिकच्या बादलीसारखं वाजतं, लगेच कळतं. बस जोडण्याआधी एक तपासणी: ड्राइव्ह शून्य, दोन्ही फिल्टर बंद, बसची पातळी मूळ ट्रॅकइतकी, आणि बसची पोलॅरिटी उलटी. दोन्ही एकत्र वाजवल्यावर शांतता हवी. उरलंसुरलं काही ऐकू आलं तर बहुधा प्लगइनच्या आतले फिल्टर फेज फिरवताहेत. अशा वेळी सेंड सोडा आणि प्लगइनचाच मिक्स नॉब वापरा.

पहिल्या चार महिन्यांत माझं मत होतं की ओव्हरसॅम्पलिंगचं बटण म्हणजे प्रोसेसर तापवायची सोय. घुमटावर अजूनही तेच म्हणेन. १०० हर्ट्झचा पन्नासावा हार्मोनिकसुद्धा ५ किलोहर्ट्झलाच येतो, तिथे दुमडायला काही नाही. कासाळ्यांनी, म्हणजे घुमटासोबतच्या झांजांनी, मत बदललं. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या सेशनमध्ये २२.०५ किलोहर्ट्झच्या वर काही मावत नाही, जे मावत नाही ते दुमडून खाली येतं. कासाळ्यातल्या ९ किलोहर्ट्झच्या घटकाचा तिसरा हार्मोनिक २७, तो दुमडून १७.१ ला येतो, ठीक आहे. पाचवा ४५ किलोहर्ट्झ, तो येतो थेट ९०० हर्ट्झला, म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडापुढे. कासाळ्यांमागे वाळू चाळल्यासारखा जो आवाज येत होता तो हाच. चौपट ओव्हरसॅम्पलिंगवर हे दोन्ही बाहेरच गाळले जातात. ऐकू येण्याच्या पट्ट्यात परत येणारा पहिला विषम नग म्हणजे १९वा हार्मोनिक, आणि सौम्य ड्राइव्हवर तो नगण्य असतो.

कुठलंही प्लगइन घेण्याआधी ही चाचणी करा. ४४.१ च्या सेशनमध्ये ९००० हर्ट्झचा शुद्ध स्वर -१२ वर, मध्ये प्लगइन, पुढे स्पेक्ट्रम मीटर. ९०० ला सुळका दिसला की समजा. ट्रायलच्या मुदतीत दोन मिनिटांचं काम आहे.

डाँगल मेल्यावर जे वापरलं त्याची नोंद. सॉफ्टट्यूबचा सॅच्युरेशन नॉब मोफत आहे, एकच मोठा नॉब आणि तीन स्थानांचा स्विच: वरचं राखा, मधलं, खालचं राखा. गाणाऱ्याच्या आवाजाला ‘वरचं राखा’ने कमी खरखर होते. एअरविंडोजची प्लगइन्स मोफत आणि मुक्त स्रोत, दिसायला काहीच नाही, नुसत्या पट्ट्या. रिपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबत येणारं जेएस सॅच्युरेशन तर तीन ओळींच्या सूत्राइतकं साधं. यांतली बरीच स्वतः ओव्हरसॅम्पल करत नाहीत, पण रिपरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत इफेक्टच्या नावावर उजवं क्लिक करून एकेका प्लगइनला जास्त सॅम्पल रेटवर चालवता येतं. म्हणजे ज्या बटणासाठी पैसे मोजले ते रिपरच्या साठ डॉलरच्या परवान्यात आधीपासून होतं. घुमटावर मात्र फुकटवाली तितकी जमली नाहीत. हार्मोनिक येतात, पण थापेची कडा बोथट होते.

आता जिथे काहीच लावू नये ती जागा. ‘ट्यूब’ मॉडेल, सम हार्मोनिक, तंबोऱ्याला ऊब वगैरे. भैरवीत करून बघा. आपल्या शास्त्राच्या पुस्तकांत धरतात तसा षड्ज २४० धरा, पंचम ३६०. दोन स्वर एकत्र अशा असममित (लहरीच्या वरच्या-खालच्या बाजू वेगवेगळ्या कापणाऱ्या) विकृतीतून गेले की त्यांची बेरीज आणि वजाबाकी बाहेर पडते. वजाबाकी १२०, म्हणजे मंद्र षड्ज, बिनधोक. बेरीज ६००, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. भैरवीचा कोमल गंधार तिथे ५७६ ला असतो. तंबोऱ्यात स्वयंभू गंधार मुळातच असतो हे खरं, पण तो तारेतून येतो तेव्हा गायक त्याच्याशी जुळवून घेतो. रेकॉर्डिंग झाल्यावर प्लगइनने तोच फुगवला तर गायलेला कोमल गंधार नाहक बेसूर वाटतो. सममित क्लिपिंगमध्ये ही बेरीज जवळजवळ येत नाही, म्हणजे ‘कर्कश’ म्हणून बदनाम मॉडेल इथे जास्त सभ्य निघतं. पेटीवर सा आणि कोमल ग एकत्र धरले की वजाबाकी ४८ येते. योगायोगाने तो धैवतही कोमलच, रागातलाच, पण इतक्या खाली की नुसता गढूळपणा. म्हणून पेटी, तंबोरा आणि आवाज एकाच बसवर घालून त्या बसला सॅच्युरेशन लावू नये. लावायचंच तर आवाजाच्या एकट्या ट्रॅकवर, रिव्हर्बच्या आधी, आणि मिक्स ३० टक्क्यांच्या आत.

डाँगलचं म्हणाल तर किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत यूएसबीच्या धातूच्या पट्ट्यांवर काळपट थर चढतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसलं की बऱ्याचदा चालतो. हा मात्र नाही चालला, आतली चिपच गेली असावी. वापरात नसेल तेव्हा सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सेशन बंद करताना सॅच्युरेट केलेला प्रत्येक ट्रॅक रेंडर करायचा आणि फाइलच्या नावातच ड्राइव्ह-फिल्टरचे आकडे लिहायचे: ‘घुमट_ड्रा६_लोपा३के’. यंदाच्या सतरा आरत्यांपैकी ज्या पाच अशा रेंडर केलेल्या होत्या त्याच वेळेत गेल्या.

तिकिटावर काल आणखी एक उत्तर आलं. डाँगल नेहमी कोरड्या जागी ठेवावा, असं त्यात आहे.