जीआरईचे शब्द: यादी घोकावी की वाचत सुटावं?

जीआरईची, म्हणजे परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या प्रवेशपरीक्षेची, तारीख घेतली की पहिला घोळ इंग्रजी शब्दांचा. हजार शब्दांची तयार यादी घोकायची, की इंग्रजी वाचत राहायचं? मी दोन्ही करून पाहिलंय.

यादीत हिशेब राहतो. अँकीसारख्या फ्लॅशकार्डच्या (एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ) अ‍ॅपमध्ये रोज २० नवे शब्द घेतले तर ५० दिवसांत हजार होतात, आणि चुकलेला शब्द पुन्हा पुन्हा समोर येतो. पण माझ्या कार्डावर ‘फ्रूगल म्हणजे कंजूस’ एवढंच होतं. सेंटेन्स इक्विव्हॅलन्सच्या प्रश्नात वाक्यातल्या एकाच रिकाम्या जागी सारखा अर्थ देणारे दोन शब्द सहा पर्यायांतून निवडायचे, दोन्ही बरोबर असले तरच गुण. सरावात मी ‘फ्रूगल’ला ‘मायझरली’ची (हा खरा कंजूस) जोडी लावली आणि प्रश्न घालवला. काटकसरी आजीला कंजूस म्हणून बघा, घरात काय होतं ते! मराठीत हा फरक मला पाठ होता, कार्डावर नव्हता.

वाचनात शब्द कौतुकाने आलाय की टोमण्याने, हे आपोआप कळतं. ‘सँक्शन’ एका वाक्यात मंजुरी असतो, दुसऱ्यात निर्बंध. असले शब्द वाचूनच अंगवळणी पडतात. उताऱ्यांची तयारी होते ती वेगळीच. फक्त वेग गोगलगायीचा. एखादा शब्द महिनाभर पुन्हा भेटतच नाही.

लॅटिन-ग्रीक धातूंचा मार्ग संस्कृत घेतलेल्यांना फार भुलवतो. पण प्रहार, आहार, संहार, विहार एकाच धातूचे. म्हणून मार आणि जेवण एक होतं का? ‘एनर्व्हेट’ पाहून एनर्जी आठवते, अर्थ मात्र नेमका उलटा, शक्ती काढून घेणं. लक्षात ठेवायला खुंटी म्हणून ठीक, अंदाज बांधायला नको.

हातात दोनच महिने असतील तर यादीच घ्या. २०२३पासून व्हर्बलला, म्हणजे भाषेच्या भागाला, २७ प्रश्नांना ४१ मिनिटं मिळतात, शब्द आठवत बसायला सवड नसते. पण कार्डावर प्रतिशब्दाऐवजी वाक्य लिहा. माझ्या ‘फ्रूगल’वर आता दुधाची पिशवी धुऊन वाळत घालणारी आजी आहे. सहा महिने असतील तर वाचन आधी, आणि अडलेल्या शब्दांची कार्डं स्वतः करा.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्वस्तात मिळतात म्हणून साडेतीन हजार शब्दांची जुनी बाडं मात्र उचलू नका. ती ज्यांच्यासाठी घोकायची, ते विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजीचे (शब्दजोडीतलं नातं ओळखायचे) प्रश्न २०११लाच गेले.