कोकणात व्हॅनमध्ये लाकडाचा स्टोव्ह: उबेपेक्षा ओल घालवायला

कोकणात गाडीत शेगडी कशाला, हे मला दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. प्रश्न रास्तच आहे. हे छोटे बंद स्टोव्ह मुळात थंड मुलखातले. इंग्लंडच्या कालव्यांवर बोटीतच घर करून राहणारे लोक हिवाळा त्यांच्यावरच काढतात. आपल्याकडे जानेवारीत दापोलीला किंवा वर आंबोलीला पहाटे कुडकुडायला होतं, तेवढंच. नुसत्या उबेसाठी घेणार असाल तर पैसे वाचवा आणि एक जाड गोधडी घ्या.

माझ्या गाडीत तो टिकला पावसाळ्यामुळे. जुलैत गुहागरला गाडीत राहायचं म्हणजे गादी, टॉवेल, चामड्याचा पट्टा, सगळ्यावर बुरशी. बाहेरची हवा २५ अंशांची आणि आर्द्रता ९५ टक्के असली, तरी तीच हवा आत ३२ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ६३ टक्क्यांच्या आसपास उतरते. मग कपडे खरोखर वाळतात. गॅसवर हे जमत नाही. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात गाडीतच राहतं. लाकडाची वाफ धुराबरोबर चिमणीतून निघून जाते.

आता ३२ अंशांत झोपणार कोण? म्हणून स्टोव्ह संध्याकाळी पेटवायचा. आत दोरीवर कपडे, गादी भिंतीला उभी, खिडकी दोन बोटं उघडी, आणि आपण मागच्या दाराशी ताडपत्रीखाली चहा घेत विस्तवावर नजर ठेवून. झोपायच्या आधी निखारा पूर्ण विझलेला हवा, यात तडजोड नाही. विस्तवातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. लोणारी कोळशाला धूर होत नाही म्हणून तो बिनधोक वाटतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं याच वायूने दगावतात. या वायूचा अलार्म बसवल्याशिवाय काडी ओढू नका.

खरी मेख सरपणात आहे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली हवी. गावात मे महिन्यातच बेगमी होते, पहिला पाऊस पडला की सुकं लाकूड कोणी हातचं सोडत नाही. ओली ढलपी टाकली की तिच्या टोकाला फेस येतो, चुर्र आवाज होतो आणि घटकाभरात दाराची काच काळीठिक्कर. सुरूचं लाकूड सगळ्यात उत्तम, निखारा टिकतो. ऑस्ट्रेलियन बाभूळही चालते आणि बहुतेक ठिकाणी मिळते. करवंटीचे एक-दोन तुकडे पेटवणाला पुरे; भट्टी भरून घातलीत तर पत्रा लालबुंद होईल. काजूची टरफलं फुकट मिळाली तरी नकोत, त्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. किनाऱ्यावर वाहून आलेल्या ओंडक्यांचाही मोह नको. त्यातलं मीठ जळताना लोखंड खातं आणि धूरही विषारी होतो.

भट्टी एवढीशी, त्यामुळे वीतभरापेक्षा लांब ढलपी मावत नाही आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी उठावं लागतं. मला त्याचा वैताग येत नाही, बायकोला येतो. हर्णैच्या बंदरात एका तांडेलाने वाकून बघितलं आणि विचारलं, "यावर कालवण होतंय काय?" चहा होतो, कालवणाला संयम लागतो. त्यांना बोटीवर गॅस पुरतो म्हणाले, आणि ते पटण्यासारखं आहे.

चिमणीवर मात्र काटकसर करू नका. नैऋत्येचा वारा टोपीखालून शिरला की धूर उलटा आत येतो, म्हणून गाडी आडोशाला लावायची. चिमणी गार असेल तर आधी कागदाचा बोळा जाळून ती तापवायची, मग लाकूड. खाऱ्या हवेत ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस पाइपावरही तांबूस डाग पडतात, ३१६ घ्या. छपराला भोक पाडण्याआधी आरटीओत विचारून घ्या. गाडीत बदल करायचे तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं.

स्टोव्हच्या दाराची सीलची दोरी आता झडलीय. कंपनीने दोन मेलना उत्तर दिलं नाही. शेवटी कोल्हापुरात फाउंड्रीचं सामान विकणाऱ्याकडे सिरॅमिक फायबरची दोरी मिळाली. जाताना जुन्या दोरीचा तुकडा बरोबर न्या, जाडी डोळ्यांनी सांगता येत नाही.